वॉर्डाची सावली मोजा

प्रति,
चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शहरांच्या सर्व नगरसेविका व नगरसेवक

सन्माननीय सदस्यहो,


मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. चंद्रपूर महापालिकेच्या ६६ सदस्यांपासून बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली, देसाईगंजच्या नगरपरिषदांपर्यंत आणि पुढे धानोरा, एटापल्लीच्या नगरपंचायतींपर्यंत आपणा सर्वांना हे एकच पत्र लिहिते आहे. तक्रार कुणा एका सदस्याबद्दल नाही आणि कुठल्या पक्षाबद्दल तर नाहीच. आपल्या शहरांमध्ये झाडांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपला जिल्हाच जंगलाचा आहे," आणि बोलणं तिथेच थांबतं. सभेत थांबतं, चहाच्या टपरीवर थांबतं, शाळेच्या वृक्षदिंडीतही थांबतं. हे उत्तर मी आयुष्यभर ऐकत आले. आता ते ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसले.

जिल्हा जंगलाचा आहे हे खरंच आहे. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे, चंद्रपूरचा साधारण एक तृतीयांश. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आलापल्लीजवळ राखलेलं जुन्या सागाचं वन २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी आपल्या भागातला साग बल्लारपूरहून वाजतगाजत निघाला, त्याचा आनंद मलाही झाला.

पण वनाच्छादनाची ही टक्केवारी कशी निघते ते एकदा पाहा. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून मोजते. किमान एक हेक्टरचा तुकडा असावा आणि त्यातला निदान दहा टक्के भाग झाडांच्या माथ्यांनी झाकलेला असावा, तर तो वनाच्छादनात धरला जातो. भामरागडचा डोंगर त्यात येतो. चंद्रपूरच्या बाबूपेठेतल्या एखाद्या गल्लीतला एकटा कडुनिंब येत नाही. जिल्ह्याची टक्केवारी कितीही वेळा वाचली तरी बाबूपेठेतून पायी शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावर काय आहे, ते त्या आकड्यातून कळत नाही. आपल्याला मतं देणारी माणसं भामरागडच्या सावलीत राहत नाहीत. ती आपापल्या गल्लीत राहतात.

चंद्रपूर शहर जवळजवळ विसाव्या अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या सुमारास भर दुपारी, बारा वाजून काही मिनिटांनी, सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो. त्या दिवसाला शून्य सावली दिवस म्हणतात. जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशी जमा होते आणि क्षणभर दिसेनाशी होते. भिंत, विजेचा खांब, चार मजली इमारत, कशाचीच सावली बाजूला पडत नाही. त्या वेळी डोक्यावर आधार असतो तो फक्त छपराचा किंवा झाडाच्या विस्ताराचा. पुढे चार-पाच दिवसांतच नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. मे २०१९ च्या अखेरीस याच शहरात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता आणि जगातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत आपलं नाव झळकलं होतं. एप्रिल-मे-जूनच्या दुपारी या गावात रस्त्यावर उभं राहायचं तर झाडाला पर्याय नाही. कुलर रस्त्यावर चालत नाही.

आता शहरातच थोडं फिरू. ऊर्जानगरात शिरा. औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. तिथल्या कित्येक रस्त्यांवर दोन्ही बाजूंच्या झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले आहेत. वेकोलि या कोळसा कंपनीच्या जुन्या कॉलन्यांमध्ये, सिव्हिल लाइन्समधल्या सरकारी बंगल्यांच्या आवारात मोठाले वृक्ष आहेत. तिथून जटपुरा गेटमधून परकोटाच्या आत या. घराला घर लागलेलं, गल्ली सिमेंटची, आणि झाड असलंच तर एखाद्या देवळाच्या पारावर. पुढे महाकालीच्या देवळाकडून रुळांच्या पलीकडे बाबूपेठ, लालपेठ गाठा. दुसऱ्या अंगाला बंगाली कॅम्प. टिनाची छपरं, दारासमोर उघडा रस्ता, आणि दुपारी एक-दोन वाजता बाया नळाशी हंडे घेऊन उभ्या असतात त्या जागेवर डोक्यावर काही नाही. एकाच शहरात, सायकलच्या अंतरावर, दोन वेगळे उन्हाळे चालू असतात.

फक्त गरिबांच्याच वस्त्या उघड्या आहेत असंही नाही. तुकूमच्या पुढे, मूल रोडला, दाताळ्याच्या बाजूला गेल्या काही वर्षांत जे लेआऊट पडले त्यांत पगारदार माणसांनी कर्ज काढून टुमदार घरं बांधली. त्या रस्त्यांवरही दुपारी उभं राहवत नाही. फरक एवढाच, की तिथे दार लावून एसी लावता येतो, आणि त्याची गरम हवा बाहेरच्या त्याच गल्लीत सोडली जाते.

मी सातवी-आठवीच्या मुलांना एक काम देत असे. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायचा. जिथे सावलीत चालता ती वाट हिरवी रंगवायची, जिथे उन्हात चालता ती लाल. कॉलनीतून येणाऱ्या मुलांचे नकाशे हिरवे व्हायचे. रुळांपलीकडच्या मुलांचे नकाशे बहुतेक लाल. सगळे नकाशे वर्गाच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावले की कुणी काही समजावून सांगावं लागत नसे. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आमच्या वाटेवर झाडं लावायची कुणाला आठवणच नाही झाली का?" तिच्या वॉर्डाचं प्रतिनिधित्व तेव्हा जे करत होते आणि आज जे करतात, त्या सगळ्यांपुढे तो प्रश्न मी ठेवते आहे.

मला दिसतं ते असं, की कुणाला आठवण झाली नाही हे पूर्ण खरं नाही. काही वस्त्यांसाठी आठवण ठेवण्याची नोकरीच कुणाला तरी दिलेली होती. कंपनीच्या कॉलनीला बागेचा विभाग होता, माळी होते, नळाला पाणी होतं, बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून भिंत होती आणि क्वार्टरच्या पुढे-मागे मोकळी जमीन होती. इंग्रजांनी साहेबांच्या बंगल्यांसाठी सिव्हिल लाइन्स आखली तेव्हा बंगल्यांभोवती आवारं मोठी ठेवली. बाबूपेठेतल्या माणसानं आपल्या हातानं, तुटपुंज्या जागेवर, पै-पै जोडून घर उभं केलं. प्यायला पाणी पुरत नव्हतं तिथे रोपाला कुठून घालणार? म्हणजे झाडं पगाराच्या आणि पाण्याच्या मागे गेली. हा कुणाच्या हौसेचा किंवा आळसाचा प्रश्न नाही. 'त्या लोकांना झाडांची आवडच नाही' असं आपल्यापैकी काही जण बोलतात, ते कृपा करून बोलू नका.

हे जगात इतरत्रही घडलं आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे काढून गरिबांच्या, मुख्यतः काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगानं दाखवल्या. तिथे घरकर्ज देणं धोक्याचं ठरवलं गेलं. २०२० मध्ये तिथल्या १०८ शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी लाल रंगवलेल्या त्या वस्त्यांमधली जमीन आजही चांगल्या ठरवलेल्या वस्त्यांपेक्षा सरासरी अडीच अंशांहून अधिक तापते असं त्यात आढळलं. झाडं कमी, डांबर जास्त. वस्तीला वस्ती ताडून पाहिली म्हणून तिथल्या लोकांना नगरपालिकेच्या दारात जाऊन बोट ठेवून विचारता आलं, की आमच्याकडे झाडं कमी का. आपल्याकडे असं बोट ठेवायला कागदच हातात नसतो. मी म्हणते बाबूपेठ उघडं आहे, आपण म्हणता, "नाही मॅडम, मागच्या पावसाळ्यात रोपं लावलीत." दोघंही आपापल्या जागी खरे, आणि ऊन तसंच.

वास्तविक कायद्यानं हा कागद आपल्याकडून पन्नास वर्षांपूर्वीच मागितला आहे. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा १९७५ चा आहे. त्या कायद्याखालचं वृक्ष प्राधिकरण म्हणजे फक्त झाडं तोडायची परवानगी देणारी समिती, असा आपला समज झालेला आहे, कारण बहुतेक लोकांचा तिच्याशी संबंध तेवढ्यापुरताच येतो. पण त्या कायद्यात प्राधिकरणाची कर्तव्यं सांगितली आहेत. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची. आणि त्याच्याच जोडीला दुसरं कर्तव्य आहे, ज्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं: प्रत्येक वस्तीत, प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर आणि आवारात किती आणि कोणत्या जातीची झाडं असावीत याचं मानक ठरवायचं. प्रत्येक वस्तीत. शहरात एकूण किती, एवढ्यावर कायदा थांबत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी तीच आहे. आपल्या शहराची वृक्षगणना वॉर्डनिहाय आणि मोहल्लानिहाय मांडा आणि तो तक्ता वॉर्ड कार्यालयाच्या, शाळेच्या, रेशन दुकानाच्या भिंतीवर मराठीत लावा. मुंबईच्या गणनेत २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडं नोंदली गेली आणि ती विभागवार मांडली गेली. पुण्यानं जीपीएस लावून झाडं मोजली आणि माहिती लोकांपुढे ठेवली. आपल्या शहरांचा विस्तार त्यांच्या मानानं लहान आहे, काम सोपं आहे. आपल्या कार्यालयात आज वॉर्डातल्या दिव्यांच्या खांबांची यादी सापडते, हातपंपांची सापडते. झाडांची यादी तिच्या शेजारी असावी.

मात्र नुसती खोडं मोजू नका. अंगठ्याएवढं रोप एक आणि वडही एक, असं मोजलं तर जिथे काल रोपं लावली तो वॉर्ड पहिला येईल. माथ्याचा घेर मोजा, दुपारी बाराला जमिनीवर पडणारी सावली मोजा. नेदरलँड्सचे वनशास्त्रज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये एक सोपं माप सुचवलं आणि ते आता अनेक देशांत वापरलं जातं: प्रत्येक घरातून निदान ३ झाडं दिसावीत, प्रत्येक वस्तीचा ३० टक्के भाग झाडांनी झाकलेला असावा आणि ३०० मीटरच्या आत एखादी बाग असावी. ते जसंच्या तसं लागू करा असं मी म्हणत नाही. आपली हवा वेगळी, पाणी वेगळं. पण ते माप घर आणि वस्तीपासून सुरू होतं, जिल्ह्यापासून नाही, म्हणून मला ते आवडतं. आपल्या परिस्थितीला साजेसं माप आपण ठरवा. त्यात मी दोन जागा आग्रहानं घालीन: अंगणवाडीचं अंगण, आणि रोजंदारीची माणसं सकाळी कामाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात ते ठिय्ये. ज्यांना उन्हातून उठून जायची सोय नाही त्यांची सावली आधी मोजली जावी.

लेआऊटबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपली शहरं आज तिथेच वाढत आहेत आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. चंद्रपूरच्या कडेला, गडचिरोलीच्या चामोर्शी रोडला आणि चंद्रपूर रोडला जी शेतं अकृषक होऊन प्लॉट पडले त्यांतली कितीतरी धानाच्या बांध्यांची होती. धानाच्या शेतात झाड मध्ये नसतं, धुऱ्यावर असतं. मोह, पळस, बाभूळ, अर्जुन, टेंभुर्णी. यांतलं एकेक झाड आजोबा-पणजोबांच्या वेळचं. मोहाच्या झाडाची तर घराघरांत वाटणी झालेली असते. मार्च-एप्रिलच्या पहाटे कुणी कुठल्या झाडाखालची फुलं वेचायची हे गावाला तोंडपाठ असतं. शेत विकलं गेलं की पहिल्याच आठवड्यात जेसीबी येतो आणि धुऱ्यासकट झाडं उखडून जमीन सपाट करतो. गिऱ्हाइकाला प्लॉट 'साफ' दिसावा म्हणून. मग पांढऱ्या चुन्याच्या रेघा, रंगीत झेंडे, प्रवेशद्वाराशी कमान, आणि कमानीच्या दोन्ही बाजूंना परराज्यातून आणलेले दोन पाम. पन्नास वर्षांची तयार सावली एका दुपारी जाते आणि घर बांधून राहायला आलेलं कुटुंब पुढची पंधरा-वीस वर्षं उन्हात काढतं.

इथे आपल्या हातात बरंच आहे. शहराच्या हद्दीत खासगी जमिनीवरचं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांच्या वरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. तेव्हा लेआऊटचा नकाशा मंजुरीसाठी येईल तेव्हा त्यावर उभी असलेली झाडं, त्यांच्या जाती आणि बुंध्याचे घेर दाखवलेले असले पाहिजेत, हा आग्रह आपण धरा. आतला रस्ता चार फूट सरकवून मोह वाचत असेल तर रस्ता सरकवायला लावा. मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. त्या ओपन स्पेसचं पुढे काय होतं हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? आधी पेव्हर, मग व्यायामाची लोखंडी यंत्रं, मग समाजभवन. समाजभवन लागतं, मी नाही म्हणत नाही. पण निदान अर्धी मोकळी जागा मातीची राहू द्या आणि तिच्यावर मोठ्या विस्ताराची झाडं असू द्या.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात झाडं लावण्याबद्दल. २०२१ च्याच दुरुस्तीनं तोडल्या जाणाऱ्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं जगवायची अशी अट घातली. चांगली अट आहे. पण नवी झाडं कुठे लावायची? रस्ता रुंद करताना वॉर्डातली झाडं जातात आणि बदल्यातली रोपं शहराबाहेरच्या पडीक जमिनीवर लागतात. कागदावर हिशेब जुळतो. ज्या चौकात भाजीवाली बसत होती तिथली सावली मात्र परत येत नाही. ज्या वॉर्डातून झाड गेलं त्याच वॉर्डात निदान निम्मी झाडं लागलीच पाहिजेत, असा ठराव आपण करू शकता. 'वॉर्डात जागाच नाही' हे उत्तर मला माहीत आहे. शाळांची पटांगणं, दवाखान्यांची आवारं, पाण्याच्या टाक्यांखालच्या मोकळ्या जागा, नाल्यांचे आणि झरपट नदीचे काठ, स्मशानभूमी, बाजार ओट्यांच्या कडा. जागा शोधायची तर त्या वॉर्डात रोज फिरणाऱ्या माणसाला सापडते, आणि तो माणूस आपण आहात.

राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी वृक्ष लावण्याचे संकल्प केले. तेव्हाचे वनमंत्री चंद्रपूर जिल्ह्यातलेच होते आणि त्या दिवसांतला शाळाशाळांतला उत्साह मी जवळून पाहिला. मुलांनी मनापासून रोपं लावली. पण आपल्या भागात रोपाची परीक्षा जुलैत होत नाही, पुढच्या एप्रिलमध्ये होते, आणि पहिले तीन उन्हाळे आठवड्याला पाणी मिळालं तरच ते तगतं. अंदाजपत्रकात वृक्षारोपणाच्या रकमेशेजारी पाण्याच्या टँकरची, ट्री-गार्डची आणि एका माणसाच्या मजुरीची तीन वर्षांची तरतूद नसेल तर ते रोपण कृपया करू नका. मेलेली रोपं पाहून मुलांची उमेदही मरते.

आता एक अवघड गोष्ट. दुर्गापूर, ऊर्जानगर, तुकूमच्या कडेला राहणाऱ्या बाया मला म्हणाल्या आहेत, "झाडं नकोत, झाडांत बिबट येतो." त्यांना मी नावं ठेवणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं आणि लगेच दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाचा जीव घेतला. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला सावलीचे फायदे सांगणं बरोबर नाही. पण आपण लोकप्रतिनिधी आहात. झाड आणि झुडूप यांतला फरक आपण ओळखला पाहिजे आणि लोकांपर्यंत नेला पाहिजे. बिबट दडतो तो वेड्या बाभळीच्या आणि घाणेरीच्या दाट रानात, कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर माजलेल्या झुडपांत. तो येतो कुत्र्या-डुकरांच्या मागे, आणि कुत्री-डुकरं येतात आपण उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर. उंच खोडाचा, खालून मोकळा, बुंध्याशी झाडलोट केलेला कडुनिंब बिबट्याला लपवत नाही. म्हणून कडेच्या वॉर्डांत खालचं रान काढा, दिवे लावा, कचरा रोज उचला, आणि उंच खोडाची झाडं ठेवा, वाढवा. बिबट्याच्या भीतीनं सरसकट तोडणी झाली तर त्या वस्त्यांना रात्रीची भीती तशीच राहील आणि दुपारचं ऊन वर मिळेल.

जातींबद्दल थोडक्यात. झटपट हिरवं दिसावं म्हणून दुभाजकांवर कोनोकार्पस लावू नका. गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परकोटाच्या भिंतीत उगवलेले पिंपळ-वड काढलेच पाहिजेत, ते दगड फोडतात. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी स्वतः घाम गाळून तो परकोट साफ केला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण तोच पिंपळ परकोटापासून दूर, मोकळ्या जागी लावायला काय हरकत आहे? बाकी कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, अर्जुन ही आपल्या मातीतली, आपला उन्हाळा सोसलेली झाडं आहेत. कोळशाची धूळ यांच्या पानांवर बसते आणि पावसात धुऊन जाते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं काढलेल्या प्रदूषणाच्या निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथं आलं होतं. २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राच्या आणि खाणींच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या वॉर्डांना झाडांची गरज सावलीपुरतीच नाही.

जी झाडं आहेत त्यांचा गळा मोकळा करा. गल्ली सिमेंटची करताना ठेकेदार बुंध्याला चिकटून काँक्रीट ओततो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला होता. आपल्या प्रत्येक रस्त्याच्या कार्यादेशात ही एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत. पावसाळ्यापूर्वी तारांखालच्या फांद्या तोडल्या जातात, त्या वेळी एका अंगानं झाड बोडकं करण्याऐवजी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली छाटणी व्हावी. वाऱ्यात तीच एकांगी झाडं पडतात आणि मग 'झाड धोकादायक होतं' अशी नोंद होते.

गडचिरोलीच्या सदस्यांना वेगळं सांगायचं आहे. आपलं शहर अजून लहान आहे. कॉम्प्लेक्स परिसरात सरकारी आवारांत मोठी झाडं उभी आहेत. इंदिरा गांधी चौकातून निघणाऱ्या चारही रस्त्यांवर नवी वस्ती सरकते आहे. चंद्रपूरला जे आता पाणी घालून, खर्च करून, वीस वर्षं वाट पाहून मिळवावं लागणार आहे ते आपल्याकडे बरंचसं उभंच आहे. आपल्याच जिल्ह्यात मेंढा-लेखाच्या गावकऱ्यांनी २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि ग्रामसभेत बसून, एकमतानं, त्या जंगलाचा कारभार चालवून दाखवला. धानोरा तालुक्यातलं ते गाव जर शेकडो हेक्टर जंगलाचा हिशेब ठेवू शकतं, तर नगरपरिषदेचा एक वॉर्ड आपल्या झाडांचा हिशेब नक्की ठेवू शकेल.

आणि वरोऱ्याच्या सदस्यांना आनंदवनाची आठवण करून द्यायची गरज नाही. बाबा आमट्यांना मिळालेली तिथली जमीन खडकाळ होती. ज्यांना गावानं बाहेर काढलं होतं त्या कुष्ठरुग्णांनी, बोटं झडलेल्या हातांनी ती जमीन फोडली आणि झाडं लावली. आज तिथे उन्हाळ्यात पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो.

शेवटची मागणी पैशाची आहे. वॉर्डनिहाय तक्ता तयार झाला की झाडांचा निधी सगळ्या वॉर्डांना सारखा वाटू नका. ज्या वॉर्डात सावली सगळ्यात कमी, त्याला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त द्या. ज्यांच्या वॉर्डात झाडं आधीच आहेत त्या सदस्यांनी सभागृहात उठून या ठरावाला पाठिंबा द्यावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. बाबूपेठेच्या झाडासाठी सिव्हिल लाइन्सच्या प्रतिनिधीनं बोललेलं लोक विसरणार नाहीत.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 'वॉर्डनिहाय वृक्षगणना व वस्तीनिहाय मानक' हा विषय घ्यावा. गणनेसाठी माणसं कमी पडत असतील तर शाळांना पत्र पाठवा. दोरी, टेप आणि खडू एवढंच सामान लागतं. मुलं एका रविवारी एक मोहल्ला मोजतील, आणि त्यांना शिकवायला माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक शहरात आहेत. आम्ही कुठल्या दिवशी, किती वाजता यायचं, तेवढं कळवावं.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार
चंद्रपूर